चुन्याच्या निवळीच्या पुढे

चंबूत मोड आलेली मटकी आणि आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडची छोटी नळी: श्वसनाचा हा प्रयोग आपल्या शाळेत प्रत्येक तुकडीने केलाय. वनस्पती कार्बन डायऑक्साइड सोडते, इतकं त्यातून कळतं. तो कशातून आला, साखरेतून की चरबीतून, हे मात्र कार्बन-१३ ला, म्हणजे नेहमीच्या कार्बन-१२ च्या जड भावंडाला, विचारावं लागतं.

एकूण कार्बनमध्ये हा जड अणू जेमतेम १.१ टक्का. हवेतला कार्बन पानात पकडणारं रुबिस्को हे विकर त्याला टाळतं. म्हणून हवेचं डेल्टा मूल्य (ठरलेल्या मानकापेक्षा कार्बन-१३ किती कमी-जास्त ते; जितकं ऋण तितका कार्बन हलका) दरहजारी −८.५ च्या आसपास, तर घेवड्याच्या पानाचं साधारण −२७. पाणी तुटलं की पर्णरंध्रं मिटतात, रुबिस्कोला निवडीला वाव उरत नाही आणि नवी साखर जड होते. पुष्कळदा हाच बदल श्वसनाच्या नावावर खपवला जातो. त्यामुळे त्याच पानाची साखरही मोजायची. श्वसनाचं खरं काय ते साखर आणि सोडलेला वायू या दोन्हींच्या फरकात असतं.

घेवड्याचं पान अंधारात साखरेपेक्षा जड वायू सोडतं, कारण ग्लुकोजचे तिसरा आणि चौथा हे जड कार्बन पायरुव्हेट (ग्लुकोज तुटून बनणारा तीन कार्बनचा रेणू) फुटताना आधी सुटतात. उष्णता वाढली किंवा अंधार लांबला की साखर संपत येते, हलक्या कार्बनची चरबी जळू लागते, श्वसन गुणांक (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) १ च्या खाली येतो आणि मूल्य अधिक ऋण होतं. फ्रान्समधल्या गिलोम चेर्केझ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे घेवड्यावरच दाखवलं.

मोजणी फसते ती नमुना घेताना. दिवा मालवल्यावर पहिली काही मिनिटं पानात साठलेलं मॅलेट हे सेंद्रिय आम्ल फुटून वायू फार जड येतो; अर्धा तास थांबणं बरं. मग सोडालाइममधून गाळलेल्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेल्या हवेने कुपी धुवायची. धुणं अर्धवट राहून कुपीतल्या कार्बन डायऑक्साइडपैकी १० टक्के बाहेरच्या हवेतला असला, तर −२२ चं −२०.६ दिसतं, आणि हा ‘ताणाचा परिणाम’ समजून लोक खूश होतात! कुपीजवळ श्वासही सोडू नये. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, आणि त्याचं मूल्य भात खाणाऱ्याचं वेगळं, भाकरी खाणाऱ्याचं वेगळं. साखरेसाठीचं पान लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावं, नाहीतर ते तोडल्यावरही श्वसन करत राहतं. वायू मॅग्नेशियम परक्लोरेटवरून कोरडा करून घ्यावा. पाण्याची वाफ राहिली तर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं यंत्र) ४४ वस्तुमानाच्या साध्या रेणूला हायड्रोजन चिकटतो आणि तो ४५, म्हणजे कार्बन-१३ वाला, म्हणून मोजला जातो.