वर्म झिजला, हे आधी पेंड सांगते

एक्सपेलरचा (बी दाबून तेल काढणाऱ्या यंत्राचा) वर्म, म्हणजे शाफ्टवर बसणारा, माल पुढे ढकलणारा आट्यांचा तुकडा, किती तासांनी बदलायचा, असं विचारलं की मिस्त्री एक आकडा ठोकून देतात. तो आकडा फार मनावर घेऊ नये. लातूरकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास नवं सोयाबीन येतं. ते पावसात सापडलं असेल तर मळणीतून काळी मातीही सोबत येते. मातीतली वाळू साध्या पोलादापेक्षा कठीण असते. चाळणी, खडे काढायचं यंत्र आणि चुंबक यांत कसूर झाली, की तोच वर्म निम्म्या वेळात उतरतो. चुंबकाला चिकटलेले खिळे रोज काढा, नाहीतर ते सुटून पुन्हा मालातच जातात.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. फीडकडचे, म्हणजे माल आत पडतो त्या टोकाचे वर्म पुष्कळ टिकतात. सगळ्यात जास्त दाब पेंड बाहेर पडते त्या टोकाला असतो, म्हणून शेवटचे दोन-तीन वर्म आणि त्यांच्याभोवतीच्या चेंबरच्या तिथल्याच पट्ट्या (यांच्या फटींतून तेल गळतं) आधी जातात. वर्म हातात घेऊन आट्याची माल ढकलणारी बाजू पाहा. नव्या वर्मची कड चौकोनी असते. झिजलेल्याची तिरपी होत होत सुरीसारखी पातळ होते आणि बोटाला लागते. अशा कडेवरून माल पुढे जाण्याऐवजी मागे घसरतो.

मशीन उघडण्याआधीही हे कळतं. फीड आणि कोन (पेंड बाहेर पडायची वाट कमी-जास्त करणारा शंकू) तेवढाच ठेवूनही मोटरचे अँपिअर उतरतात, पेंड जाड आणि तेलकट येते. मग ऑपरेटर कोन आवळतो. अँपिअर पुन्हा जागेवर येतात, सगळ्यांना बरं वाटतं, पण तो सगळा भार उरल्यासुरल्या शेवटच्या वर्मवर आणि शाफ्टचा रेटा झेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर पडतो. आठवड्यात दोनदा कोन आवळावा लागला, तर पुढच्या सुट्टीला चेंबर उघडायचा. दिवसाला १० टन सोयाबीन गाळलं तर साधारण ८ टन पेंड निघते. त्यात १ टक्का तेल जास्त राहिलं, तर रोज ८० किलो तेल पेंडीबरोबर गेलं. वर्मची किंमत या आकड्याशेजारी मांडून पाहा.

तेलात गाळ वाढला तर मात्र लगेच वर्मला दोष देऊ नका. आधी केटल (प्रेसआधी माल तापवून कोरडा करणारं भांडं) पाहा. माल प्रेसमध्ये पडताना ओलावा ३ ते ५ टक्के हवा. फार कोरडा झाला की त्याची भुकटी होते आणि फटीतून बाहेर पडते. ओलावा बरोबर असेल, तर पट्ट्यांमधल्या फटींत फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. फीडकडे साधारण ०.७५ मिमी आणि पुढे कमी होत होत ०.२५ मिमीपर्यंत, असा क्रम असतो. नेमका आकडा मशीनच्या पुस्तकातला धरा. पट्टीची एक कड गोल झाली असेल आणि पट्टी उलटवता येणारी असेल, तर उलटवून पुन्हा बसवा. नवे वर्म आणि गुळगुळीत झालेल्या पट्ट्या ही जोडी जमत नाही: पेंड पुढे सरकण्याऐवजी शाफ्टबरोबर गोल फिरत राहते.

झिजलेला वर्म वेल्डिंगने भरून घ्यायचा असेल तर आधी जुना, सुटत आलेला थर ग्राइंडरने काढा, वर्म १५०-२०० अंशांपर्यंत तापवा आणि हार्डफेसिंगचे (झीज सोसणाऱ्या कठीण धातूच्या वेल्डिंगचे) दोनच थर द्या. जास्त थर चढवले की तुकडे उडतात. थरावर आडव्या बारीक चिरा पडतात, त्याला घाबरू नका. चीर मूळ धातूत उतरली असेल तर मात्र तो वर्म भंगारात टाका. भरून झाल्यावर बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. वर्म राखेत हळूहळू थंड होऊ द्या. घाईने पाण्यात बुडवलेला वर्म लोड येताच तडकतो.

नवे भाग बसवल्यावर कोन सैल ठेवून सुरुवातीला जुनी पेंडच फिरवा. चेंबर तापला आणि वर्म चकचकीत झाले, की थोडं थोडं सोयाबीन मिसळत जा आणि कोन शेवटी आवळा. बंद करतानाही आधी फीड थांबवायचा, कोन सैल करायचा, आतला माल बाहेर पडू द्यायचा. भरलेल्या चेंबरसकट मशीन रात्रभर उभं राहिलं, तर सकाळी पेंड दगडासारखी झालेली असते. मग चालू करायच्या हट्टापायी वर्म शाफ्टला जखडणारी किल्ली तरी कापली जाते, नाहीतर शाफ्ट वाकतो.