मायग्रेन आणि ३७ अमिनो आम्लं

आज दिवसभर न्यूरोपेप्टाइड्सवर, म्हणजे मज्जापेशी संदेश द्यायला वापरतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांवर, वाचत बसले होते. डोकं अजून त्यातच आहे.

ग्लुटामेटसारखी संदेश नेणारी साधी रसायनं मज्जातंतूच्या टोकाशीच पुन्हा भरून घेता येतात. पेप्टाइडचं तसं नाही. ते पेशीच्या मुख्य भागात तयार होतं, पुटिकांमध्ये (इवल्या पिशव्यांमध्ये) भरलं जातं आणि तिथून टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं. पायाच्या बोटाकडे जाणारा तंतू असेल तर हे अंतर जवळपास मीटरभर! एकदा सोडलं की परत घेणं नाही, एन्झाइम्स त्याचे तुकडे करून टाकतात. संदेशांचा मारा जोरात असेल तेव्हाच पेशी ते सोडते, याचं मला आता नवल वाटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ रमले ती सीजीआरपी (CGRP) नावाच्या न्यूरोपेप्टाइडपाशी. ३७ अमिनो आम्लांची साखळी, रक्तवाहिन्या रुंदावण्यात पटाईत. मायग्रेनच्या झटक्यात मानेतल्या शिरेच्या रक्तात ती वाढलेली असते, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. तिचा मार्ग अडवणारं पहिलं प्रतिपिंड-औषध (अँटिबॉडीपासून बनवलेलं) अमेरिकेत मंजूर झालं २०१८ मध्ये. २८ वर्षं! केवढी चिकाटी लागली असेल.

माझ्या एका मैत्रिणीला वर्षानुवर्षं "तू ताण फार घेतेस" एवढंच ऐकवलं गेलं. संध्याकाळी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. औषध प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही, तेही सांगितलं. तिचे प्रश्न संपेचनात. डॉक्टरांना विचारायला आता आम्ही दोघी मिळून यादी करतोय.