साबणानं तांबडी झालेली हळद

वैशाखातली गोष्ट. दुकानाचं शटर वर करतेय तोवर एक मावशी दारात उभ्या. हातातली पिशवी माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "ताई, ह्याला रक्त लागलंय का काय, बघा की."

पिशवीत अंतरपाट होता. पांढरं सुती कापड, मधोमध लाल दोऱ्यानं भरलेलं स्वस्तिक. त्यांच्या सासूबाईंपासून घरातलं प्रत्येक लग्न त्याच्याआड लागलेलं. आदल्या रात्री तेल-हळदीची वाटी त्यावर कलंडली. सुनेनं घाबरून वडीचा साबण चोळला, आणि पिवळा डाग तांबडा झाला. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा.

रक्त नव्हतंच. हळदीला साबण, सोडा, चुना असलं काही लागलं की ती लाल होते. सांगलीत हे डाग रोजचेच. मार्केट यार्डातल्या हमालांचे सदरे धुतच मी हे काम शिकले. व्हिनेगरचे चार थेंब टाकले तशी लाली उतरून पिवळा रंग परत आला. मावशींचा जीव भांड्यात पडला.

"ब्लीच टाका की, लवकर निघंल," त्या म्हणाल्या. ब्लीचनं हळद गेली असती, पण दोऱ्याचा रंगही गेला असता आणि जुनं सूत कुजलं असतं. ओला पांढरा फडका स्वस्तिकावर दाबून बघितला, तर गुलाबी ठसा उमटला. रंग कच्चा होता. म्हणजे भिजत घालायचं नाही, गरम पाणी नाही. भांड्यांच्या लिक्विडनं डागापुरतं तेल काढलं. हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून कापसाच्या बोळ्यानं, दोऱ्यापासून बोटभर लांब राहून टिपत गेले. दर वेळी नवा बोळा. बोळे पिवळे होत होते, तरी सावली उरलीच.

माझं माहेर हरिपूरचं. तिथं जमिनीखालच्या पेवांत, काळोखात हळद ठेवायचे. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पूड उन्हात उघडी टाकली की रंग उडतो, असं आजोबा सांगायचे. तेच ऊन आता मला हवं होतं. स्वस्तिकावर काळा कागद टाचला, कापड डागापुरतं ओलं करून गच्चीवर पसरलं आणि वाळेल तसं पाणी शिंपडत बसले. गिऱ्हाइकांना दुपारनंतर या म्हटलं. तीनच्या सुमारास मिरजेकडून ढग चढायला लागले. वळीव आला असता तर सगळंच अडलं असतं, म्हणून दर पाच मिनिटांनी आभाळ आणि डाग दोन्ही बघत होते. साडेचारला पहिले थेंब पडले, तेव्हा कापडावर बोट ठेवून शोधावा लागेल एवढाच पिवळेपणा होता.

डाग असताना इस्त्री फिरवायची नसते, तो पक्का बसतो. म्हणून परत एकदा उजेडात धरून बघितलं आणि मगच उलट्या बाजूनं कोमट इस्त्री केली. मावशींनी घडी उराशी धरली. पैसे घेताना त्यांना एकच सांगितलं, लग्न लागलं की अक्षता नीट झटका, मगच घडी घाला. अक्षतांनाही हळद-कुंकू असतं.