तुम्ही विचारलंत म्हणून: मॅग्निटोगोर्स्कला कशाला गेले होते?

रशियाला जाऊन आले म्हटलं की समोरचा आधी मॉस्को विचारतो, मग सेंट पीटर्सबर्ग. पीटर्सबर्ग पाहिलं नाही, मॅग्निटोगोर्स्क पाहिलं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तिथं काय आहे बघायला? लग्नात, वाढदिवसाला, परवा दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना सुद्धा हा प्रश्न आला. म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

तिथं पोलादाचा कारखाना आहे. बाकी जे काही आहे ते त्या कारखान्यामुळे आहे.

माझं बालपण भिलाईत गेलं. बाबा विदर्भातून तिकडे नोकरीला गेलेले, आम्ही सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढलो. भिलाईचा प्लांट सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, तिथली पहिली झोतभट्टी, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढणारी भट्टी, १९५९ साली सुरू झाली. रशियन साहेब, त्यांची यंत्रं, त्यांचे नकाशे हे सगळं घराघरांत बोललं जायचं. त्यामुळे या धंद्याचं सोव्हिएत घराणं जिथून सुरू झालं ते गाव बघावं, एवढीच इच्छा होती. २०१९ च्या सप्टेंबरात ती पुरी झाली.

गाव उरल पर्वताच्या दक्षिण भागात, चेल्याबिन्स्क प्रांतात. उरल नदीकाठी लोहखनिजाचा एक डोंगर होता, मॅग्नितनाया. आसपास माळरान, वस्ती जेमतेम. १९२९ मध्ये इथं कारखाना बांधायला घेतला. गंमत बघा, साम्यवादाच्या या मानबिंदूचा आराखडा केला अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या आर्थर मॅकी कंपनीनं, समोर नमुना होता इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या गावचा. शहर आखायला जर्मनीहून एर्न्स्ट माय हे वास्तुकार आले. ते पोचेपर्यंत जिथं जागा दिसेल तिथं बराकी आणि तंबू उभे राहिले होते, त्यामुळे त्यांच्या आखीव शहरातलं थोडंच प्रत्यक्षात आलं. खनिज दारात, पण दगडी कोळसा सुमारे २,००० किलोमीटर दूर कुझबासमध्ये, म्हणजे सायबेरियातल्या कोळसापट्ट्यात. जाताना गाड्या खनिज न्यायच्या आणि येताना कोळसा आणायच्या, असा तो हिशेब होता. १९३२ च्या फेब्रुवारीत पहिलं लोखंड बाहेर पडलं. डोंगर आता बराचसा खणून संपलाय, खनिज बाहेरून येतं. भट्ट्या थांबलेल्या नाहीत.

नदीवर धरण घालून कारखान्यासाठी मोठा तलाव केलाय. डाव्या काठावर कारखाना, उजव्या काठावर बहुतेक लोकांची घरं. उरल नदी म्हणजे युरोप-आशियाची हद्द, त्यामुळे माणसं युरोपात झोपतात आणि आशियात कामाला जातात. हे वाक्य तिथं तुम्हाला प्रत्येक जण ऐकवतो आणि पुलाजवळची खूणही दाखवतो. मला त्यापेक्षा तिथली ट्राम आवडली. पहाटेच्या ट्राममध्ये पहिल्या पाळीची माणसं, मांडीवर डब्याची पिशवी, डोळे मिटलेले. शेजारची आजी बादलीभर सफरचंदं घेऊन निघालेली. कंडक्टरबाईंनी मला तीनदा काहीतरी विचारलं, मला कळेना, शेवटी त्यांनी माझ्या तळहातावरची नाणी स्वतःच मोजून घेतली. पूल ओलांडला आणि दाराच्या फटीतून कोक ओव्हनचा, म्हणजे कोळसा भाजून भट्टीसाठी कोक करणाऱ्या भट्ट्यांचा, वास आत आला. सडक्या अंड्यासारखा, घशाशी खवखवणारा. इतरांसाठी प्रदूषण, आणि ते आहेच. रशियानं हवा सुधारण्याच्या सरकारी योजनेत सुरुवातीला जी बारा शहरं घेतली त्यात हे एक. पण मी त्या वासानं थेट शाळेच्या रस्त्यावर पोचले, त्याला काय करणार!

बघण्यासारखी स्मारकं दोन. मोठं आहे उजव्या काठावर, १९७९ चं, सुमारे १५ मीटर उंच. एक कामगार सैनिकाच्या हाती तलवार देतोय. कामगाराचं तोंड कारखान्याकडे, सैनिकाचं पश्चिमेला, शत्रूकडे. इथं घडवलेली तीच तलवार व्होल्गोग्राडच्या पुतळ्यात उगारलेली आणि बर्लिनच्या पुतळ्यात खाली केलेली, अशी तीन शहरांची ती मालिका. महायुद्धात सोव्हिएत रणगाड्यांच्या चिलखताचा फार मोठा वाटा इथल्या पोलादाचा होता, तेव्हा अभिमान समजू शकते. पण भव्य पुतळ्यांपुढे मला फारसं काही होत नाही.

दुसरं स्मारक १९६६ चं, पहिल्या तंबूचं. दगडी तंबू, त्यावर बोरिस रुच्योव या कवीच्या ओळी: आम्ही हिरव्या खिडकीच्या तंबूत राहत होतो, अशा अर्थाच्या. तरुण वयात तो खरंच इथं बांधकामावर आला होता. त्याच कवीला १९३७ मध्ये अटक झाली आणि दहा वर्षं त्यानं सक्तमजुरीच्या छावण्यांत काढली. पुढे निर्दोष ठरला, १९५७ मध्ये याच गावात परत आला आणि इथंच राहिला. ज्या राजवटीनं त्याला उचललं तिनंच त्याच्या ओळी दगडावर कोरल्या, त्याच्या हयातीत. आणि तंबूत राहणारे सगळेच काही गाणी म्हणत आलेले स्वयंसेवक नव्हते. जमिनी काढून घेऊन हद्दपार केलेली हजारो शेतकरी कुटुंबं इथं आणून टाकली होती. उणे तिशीच्या थंडीत, कापडी छताखाली. किती लेकरं गेली असतील त्या हिवाळ्यांत. स्मारकाचा तंबू मात्र फार नीटनेटका आहे. तिथं मी बराच वेळ थांबले, आणि 'काय आहे बघायला' याचं माझं उत्तर तेच आहे.

आता तुमचे उरलेले प्रश्न. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे घरी फोन करायला सोपं. शाकाहारी असाल तर कॅन्टीनमध्ये बकव्हीटचा (कुट्टूचा) भात, कोबी, पिरोश्की म्हणजे बटाटा भरलेले पाव आणि कोंपोत म्हणजे फळं उकळून केलेलं सरबत, मी होते ते चारही दिवस तेच. गाव कंटाळवाणं म्हणाल तर तिथं संगीताचं सरकारी महाविद्यालय आहे, ऑपेरा आहे. आणि आइस हॉकी! प्रसिद्ध हॉकीपटू येव्गेनी माल्किन याच गावचा. तिथल्या मेटालुर्ग संघाचा सामना असेल तर तिकीट काढाच, नियम कळले नाहीत तरी चालतं. माझ्या वेळी बाजूच्या काकांनी गोल झाला की मला खांद्याला धरून उठवायचं काम स्वतःकडे घेतलं होतं.