विस्कॉन्सिनच्या ओकवनात धनुष्यासह चार दिवस: एक कॅम घ्यावा की दोन?

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हरणाच्या शिकारीसाठी शिकागोहून अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातील स्पार्टाला गेलो, तेव्हा गाडीत दोन कंपाउंड धनुष्ये, म्हणजे टोकांना फिरती चाके असलेली धनुष्ये होती. यातल्या गोल नसलेल्या चाकाला कॅम म्हणतात. माझे दोन कॅमचे होते. मूळचा साताऱ्याचा आणि आता मॅडिसनला स्थायिक झालेला माझा मित्र वाटेत गाडीत बसला, त्याचे धनुष्य एका कॅमचे, जुने, कोणीतरी आधी वापरलेले होते. सुमारे चारशे किलोमीटरच्या त्या प्रवासात माझे धनुष्य अधिक वेगवान असल्याचा मला अभिमान होता. चार दिवसांनी परतताना माझे मत बरेच बदलले होते, आणि पहिल्यांदाच अशा शिकारीला जाऊ इच्छिणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

ओजस देवतळे आणि आदिती स्वामी यांनी 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेतेपद मिळवल्यापासून कंपाउंड धनुष्य हा शब्द मराठी घरांत परिचयाचा झाला आहे. मात्र मैदानावरचे धनुष्य आणि रानातले धनुष्य यांच्या गरजा वेगळ्या असतात. मैदानावर 50 मीटरवरचे लक्ष्य स्थिर असते आणि प्रशिक्षक व दुरुस्तीची साधने जवळ असतात. रानात आपण तीन-तीन तास थंडीत निश्चल बसतो, आणि मिळाली तर एकच संधी मिळते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार करता येत नाही. हे सारे लेखन अमेरिकेतल्या परवानाधारक हरणशिकारीपुरतेच आहे.

आम्ही गेलो तो भाग ‘ड्रिफ्टलेस’ म्हणून ओळखला जातो. हिमयुगातल्या हिमनद्या येथे पोहोचल्याच नाहीत, त्यामुळे आजूबाजूच्या सपाट प्रदेशात नसलेल्या उभ्या टेकड्या आणि अरुंद दऱ्या येथे टिकून आहेत. उतारांवर ओकची झाडे आणि खाली मक्याची शेते असल्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांना अन्न आणि आडोसा दोन्ही हाताशी मिळतात. या हंगामात नर माद्यांच्या मागे दिवसाढवळ्याही फिरतात. स्पार्टा गावाला या विषयात आणखी एक महत्त्व आहे: एका कॅमचे धनुष्य 1992 मध्ये बाजारात आणणाऱ्या मॅट मॅकफर्सन यांची मॅथ्यूज कंपनी याच गावात आहे.

यंत्रणेतला फरक थोडक्यात असा. कॅम म्हणजे धनुष्याच्या टोकाशी बसवलेले, गोल नसलेले चाक, जे दोरी ओढताना फिरते आणि पूर्ण ताणावर हातावरचा भार एकदम कमी करते. 60 पौंडांचे धनुष्य 80 टक्के भार सोडत असेल, तर शेवटी बोटांवर जेमतेम 12 पौंड उरतात. एका कॅमच्या रचनेत खाली कॅम आणि वर साधे गोल चाक असते, त्यामुळे जुळवून घ्यायचे दुसरे काही नसते. दोन कॅमच्या मूळ रचनेत वर आणि खाली सारखेच कॅम असतात, आणि दोरी पूर्ण ओढल्यावर दोघांचे फिरणे एकाच क्षणी संपावे लागते. कॅमना जोडणाऱ्या दोरांपैकी (केबल) एक दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त ताणला गेला, तरी हा मेळ बिघडतो आणि दोरीतून सुटताना बाणाची शेपटी वर-खाली झोके घेते.

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. निघण्याच्या आठवडाभर आधी मी नवी दोरी आणि केबल बसवून घेतल्या होत्या, आणि त्या ताणून स्थिरावण्याइतके बाण मी मारलेच नव्हते. ही चूक सर्वस्वी माझी होती. पहिल्या दुपारी शेतावर सराव करताना 25 यार्डांवर माझे ब्रॉडहेड (शिकारीचे रुंद, धारदार पाते) लावलेले बाण हातभर इकडे-तिकडे जाऊ लागले, आणि पूर्ण ताणावर एरवी भिंतीसारखी घट्ट लागणारी जागा मऊ लागू लागली. मित्राने बाजूला उभे राहून पाहिले, तर वरचा कॅम आधी टेकत होता आणि खालचा मागे राहत होता. केबलला पीळ देऊन हे दुरुस्त करता येते, पण त्यासाठी बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून दोरी सैल करणारे यंत्र लागते. म्हणून दुसरी सकाळ मी रानाऐवजी गावातल्या धनुष्याच्या दुकानात घालवली. मित्राची दोरीही जुनी आणि थोडी सैलावलेली होती. तिच्यामुळे त्याच्या पीपचे, म्हणजे नेम धरण्यासाठी दोरीत बसवलेल्या कडीचे, छिद्र किंचित फिरले होते, जी एका कॅमच्या धनुष्याची, त्याच्या लांब दोरीमुळे, नेहमीची तक्रार आहे. तरीही त्याचे बाण एकाच जागी जात होते.

वेगाबद्दलचा माझा आग्रह तिसऱ्या दिवशी मचाणावर बसून केलेल्या हिशेबाने सैल झाला. 25 यार्ड म्हणजे सुमारे 23 मीटर. सेकंदाला 300 फूट जाणारा बाण हे अंतर साधारण 0.25 सेकंदात कापतो आणि 270 फूट जाणारा 0.28 सेकंदात. दोरीचा आवाज मात्र 0.07 सेकंदातच हरणाच्या कानावर पडतो. म्हणजे दोन्ही धनुष्यांचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोहोचतो, आणि दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली टाकते. या अंतरावर शांत धनुष्य आणि निवांत उभे असलेले हरीण, या दोन गोष्टींची किंमत त्या तीन शतांश सेकंदांहून निश्चितच अधिक आहे.

दुसरा धडा थंडीने दिला. पहाटे पारा शून्याखाली होता आणि अंगावर तीन थर होते. माझ्या धनुष्याचे वेगवान कॅम भार सुरुवातीलाच चढवतात आणि शेवटी एकदम सोडतात. एक मादी ओकच्या बुंध्याआड थांबली आणि मला जवळजवळ एक मिनिट ताण धरून ठेवावा लागला. हात किंचित सैल होताच दोरी जोरात पुढे खेचू लागली, त्या हालचालीने ती सावध झाली आणि निघून गेली. मित्राच्या एका कॅमची ओढ संथ आहे आणि तिच्या शेवटी विसावण्यास भरपूर जागा आहे. चौथ्या दिवशी त्याने 18 यार्डांवरून एक मादी टिपली. आम्ही अर्धा तास थांबून मग रक्ताचा माग काढला, आणि ती सत्तर पावलांवर सापडली. जनावराला तळमळत ठेवायचे नसेल, तर जे धनुष्य आपण थकलेल्या हातांनीही स्थिर धरू शकतो तेच योग्य, असे मला आता मनापासून वाटते.

म्हणून वर्षातून एक-दोनदाच रानात जाणाऱ्या, घरी बो प्रेस नसलेल्या आणि कमी पैशांत जुने धनुष्य शोधणाऱ्या माणसाला मी एक कॅम सुचवेन. नवे घ्यायचे असेल, तर दुकानात आता बहुतेक दोन कॅमचीच धनुष्ये दिसतील. खुद्द मॅथ्यूजची अलीकडची मुख्य धनुष्येही त्याच प्रकारची आहेत. तेव्हा बायनरी प्रकारचे कॅम पाहावेत, कारण त्यांत केबल एका कॅमवरून थेट दुसऱ्या कॅमला जोडलेली असल्याने दोघांचा मेळ बऱ्याच अंशी आपोआप टिकतो. कोणतेही दोन कॅम असोत, मेळ बरोबर असताना कॅमच्या जागेच्या खुणा मार्करने करून ठेवाव्यात आणि रोज सकाळी त्या पाहाव्यात. नव्या दोरीने किमान शंभरेक बाण मारल्याशिवाय घर सोडू नये, आणि सरावही ब्रॉडहेड लावूनच करावा.

नियमांत विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी किमान 30 पौंडांचे धनुष्य आणि किमान 7/8 इंच रुंदीचे ब्रॉडहेड लागते. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा शिक्षणक्रम पूर्ण केल्याचा दाखला लागतो. तो हंगामापूर्वीच मिळवावा. मचाणावर चढताना पूर्ण अंगाचा पट्टा पहिल्या पायरीपासून बांधलेला असावा. शिकार मिळाल्यास दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपूर्वी तिची नोंद करावी लागते. या राज्यात 2002 पासून हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आढळतो. म्हणून आम्ही हरणाचे डोके तपासणीसाठी ठेवलेल्या पेटीत स्वतःच टाकले, हाडे काढून मांस बर्फात घातले आणि निकाल येईपर्यंत ते मित्राच्या फ्रीझरमध्येच राहू दिले.