कोचकोरमधला अर्धा प्याला

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावी, पहिल्या संध्याकाळी मी उतरले होते त्या घरच्या सुनेने माझ्यापुढे चहा ठेवला तो जेमतेम तीन घोट. प्याला अर्ध्याहून रिकामा. आपल्याकडे पाहुण्याला असा चहा दिला असता, तर आईने आतूनच डोळे वटारले असते. दोन दिवसांनी शाळेतल्या एका शिक्षिकेने उलगडा केला. प्याला थोडा भरला की चहा गरम राहतो, पुन्हा पुन्हा ओतता येतो आणि पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरून दिला, तर त्याचा अर्थ 'आता निघा'. त्यानंतर त्या तीन घोटांची मी वाट पाहू लागले.

किर्गिझस्तानात मी जुलैचे चार आठवडे होते. बिश्केकहून मार्शरुत्काने, म्हणजे तिथल्या वडापने, साडेतीन-चार तासांवर असलेल्या कोचकोर गावात उन्हाळी सुट्टीतल्या मुलांना स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायचं, आणि राहायचं एका कुटुंबात. घरच्या आजींना सगळे 'आपा' म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. मुलं मला 'एजे' म्हणत, म्हणजे ताई. वर्गात पहिला बर्फ फोडला तो शब्दांनी: कितेप, नान, पियाज, सामिन. पुस्तक, भाकरी, कांदा, साबण. फळ्यावर मी शेजारी किताब, नान, प्याज, साबण लिहिलं तेव्हा मुलांनी आनंदाने बाकं वाजवली.

जेवणाच्या पसाऱ्याला तिथे दस्तोरकोन म्हणतात. त्यावर सगळ्यात आधी येतो तो नान. तो उलटा ठेवायचा नाही, जमिनीवर टाकायचा नाही, वाया घालवायचा नाही. आपण पडलेलं अन्न उचलून कपाळाला लावतो, तीच भावना. सोबत कायमाक, म्हणजे दाट साय, आणि घरचा जर्दाळूचा किंवा रासबेरीचा मुरंबा. पाहुणे येणार असतील तर बोर्सोक तळतात. पीठ आंबवून केलेले, आतून पोकळ, बिनगोड शंकरपाळेच म्हणा. दस्तोरकोनवर ते मुठीमुठीने पसरून टाकतात.

आता शाकाहाऱ्यांसाठी, कारण मी स्वतः शाकाहारी आहे. हा देश मेंढी, घोडा आणि दुधावर जगलेला आहे. 'मेन एत जेबेयम', म्हणजे मी मांस खात नाही, हे वाक्य विमानातच पाठ करा आणि यजमानांना पहिल्याच दिवशी सांगा. जेवण वाढल्यावर सांगितलं, तर त्यांचा जीव कसनुसा होतो. आपांना आधी वाटलं की मी आजारी आहे. मग त्यांनी माझ्यासाठी भोपळ्याचे मांती उकडायला सुरुवात केली, मोदकासारखे हाताने मुडपलेले. लाग्मान नावाच्या जाड शेवयांच्या पदार्थात मांस असतंच, त्यामुळे खानावळीत वेगळं करून मागावं लागतं. काराकोल शहरात गेलात, तर दुंगान लोकांचं, म्हणजे मूळच्या चीनमधल्या मुस्लिमांचं, आश्ल्यान-फू चुकवू नका: गार, आंबट-तिखट रस्सा, शेवया आणि स्टार्चच्या थरथरत्या वड्या. बहुतेकदा त्यात मांस नसतं, अंडं असतं. तरी विचारून घ्या.

माझ्या निरोपासाठी मेंढी कापली, हे मला नंतर कळलं. बेशबार्माकची परात आली. नावाचा अर्थ 'पाच बोटं', कारण ते हाताने खायचं. कोणता तुकडा कोणाला द्यायचा हे वय आणि मान पाहून ठरतं. मला दारासमोरची, सर्वांत मानाची 'तोर'ची जागा दिली आणि पुढ्यात कायमाकचा वाडगा ठेवला. शेवटी सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवून 'ओमिन' म्हटलं. त्यानंतर घास घ्यायचा नाही. हे लक्षात ठेवा.

शनिवार-रविवार धरून सोंग-कोलला नक्की जा. तळ्याची उंची ३०१६ मीटर. जून ते सप्टेंबर तिथे मेंढपाळ आपले बोझ-उय, म्हणजे नमद्याचे तंबू, उभे करतात. छताच्या मधोमध तुंदुक नावाचं लाकडी वर्तुळ असतं, तेच त्यांच्या झेंड्यावर आहे. रात्री शेगडीत 'तेझेक' टाकलं. उजेडात पाहिलं तर गोवऱ्या. त्या वासाने मला आजोळची चूल आठवली आणि मी बराच वेळ गप्प बसून राहिले. चहूकडे एकही झाड नाही, फक्त गवत, घोडे आणि रंग बदलणारं पाणी. जुलैतही पहाटे गोठवणारी थंडी पडते. थर्मल, कानटोपी, लोकरी मोजे हवेतच. पहिल्या दिवशी धापा टाकायला होतं, तेव्हा पोहोचल्या पोहोचल्या टेकडी चढू नका.

तिथे किमिझ मिळतं, घोडीचं आंबवलेलं दूध, किंचित मद्यार्क असलेलं. आंबट, धुरकट चव. मान म्हणून दोन घोट घ्या. सवय नसताना वाडगाभर घेतलं, तर पोट बिघडतं.

व्हिसासाठी अर्ज करण्याआधी यजमान संस्थेला लेखी विचारा की स्वयंसेवकाला नेमका कोणता प्रकार लागतो. पर्यटनाचाच चालेल असं गृहीत धरू नका. सोम या तिथल्या चलनाची किंमत साधारण रुपयाच्या आसपास आहे, त्यामुळे हिशेब सोपा. पण खेड्यात रोखच चालते, ती बिश्केकमध्येच काढून ठेवा. 'टू-जीआयएस' नकाशा आधी डाउनलोड करा. मोठ्यांशी थोडं रशियन उपयोगी पडतं, पण 'राखमत', म्हणजे धन्यवाद, एवढं किर्गिझ म्हटलं तरी चेहरे खुलतात.

भेट म्हणून मी चिक्की आणि चहाचा मसाला नेला होता. चिक्की तासाभरात संपली, मसाला आपांनी कपाटात जपून ठेवला. त्यांना खरं हवे होते ते फोटो, छापलेले, भिंतीवर लावता येतील असे. निघताना बिश्केकमध्ये मी ते छापून घेतले, पाकिटावर घराचा पत्ता लिहिला आणि कोचकोरच्या मार्शरुत्काच्या चालकाकडे दिले. त्याने पैसे घेतले नाहीत. रात्री आपांच्या नातीचा संदेश आला, फोटो पोहोचले.