जैसलमेर: गड बघा, पण मुक्काम खाली करा

पोखरण मागे पडलं की झाडं संपतात आणि तासाभराने क्षितिजावर पिवळा गड दिसू लागतो. जोधपूरहून बसने पाच-सहा तास लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, आणि रात्रीसाठी चांगला जाड स्वेटर ठेवा. आम्ही पातळ शाली नेल्या नि कुडकुडलो.

आपल्याकडचे बहुतेक गड ओस पडलेले. इथे तटाच्या आत अजून काही हजार माणसं राहतात. ओट्यावर पापड वाळताहेत, शाळेची पोरं धावताहेत, गल्लीत गाय आडवी बसलेली. लग्न ठरलं की दाराशेजारच्या भिंतीवर गणपती रंगवतात, खाली वधूवरांची नावं आणि तिथी, म्हणजे पत्रिकाच! रावळ जैसलने 1156 मध्ये जवळच्या लोद्रव्याहून राजधानी इथे आणली, आणि गडावरची वस्ती आजही टिकून आहे.

तिलाच आता धोका आहे, तो पाण्याचा. गड बांधला तेव्हा पाणी डोक्यावरून यायचं, थेंब थेंब जपून वापरलं जायचं. पुढे नळ आले, मग हॉटेलं आणि त्यांची न्हाणीघरं. सांडपाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरलं आणि बुरुज खचू लागले. म्हणून आम्ही खोली गडाखाली घेतली. गच्चीतून गड उलट जास्त छान दिसतो. मात्र भाडं फारच स्वस्त असेल तर सावध राहा. पहिल्या जागी उंटसफारी घेत नाही म्हटल्यावर मालकाचा सूरच बदलला, दुसऱ्या दिवशी सामान हलवावं लागलं.

गडातली जैन मंदिरं सकाळीच उरका. चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेऊ देत नाहीत. पटवा या व्यापारी घराण्याच्या हवेल्या दुपारी. त्या पाच आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या. नक्षी बघून मान दुखते, पण एवढा पैसा आला कुठून हे विचारायला विसरू नका. सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर हे शहर पोसलं गेलं. मुंबईसारखी बंदरं वाढली तसा तो व्यापार ओसरला, आणि 1947 ला सीमा पडल्यावर वाटच बंद झाली.

माल थांबला, नाती थांबली नाहीत. सोढा राजपूत आपल्याच कुळात लग्न करत नाहीत, म्हणून सिंधमधल्या उमरकोटकडच्या सोढा मुली इकडच्या भाटी-राठोड कुळांत येत राहिल्या. 2006 ते 2019 सीमेवरच्या मुनाबाववरून पाकिस्तानात जाणारी थार एक्सप्रेस रेल्वे तरी होती, आता तीही नाही. गडीसर तलावाच्या पायरीवर भेटलेले एक म्हातारे मांगणियार (इकडचे पिढीजात गवई) म्हणाले, "आमचे यजमान इकडे, भाऊबंद तिकडे." मांगणियार मुसलमान, यजमान बहुतेक राजपूत. त्यांच्या घरच्या जन्मा-लग्नाची गाणी पिढ्यान्‌पिढ्या हेच गातात. वाळूवरच्या तंबूंतल्या फिल्मी नाचगाण्यापेक्षा सकाळी गडीसरवर अर्धा तास कमायचा हे त्यांचं तंतुवाद्य ऐका आणि हात सैल सोडून पैसे द्या.

सीमेजवळचं तणोट देवीचं मंदिर आणि 1971 च्या लढाईचं लोंगेवाला यांना पूर्ण दिवस ठेवा. तणोट साधारण 120 किलोमीटर. देवीची पूजाअर्चा सीमा सुरक्षा दलाचे जवानच करतात, आणि 1965 च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत. पेट्रोल वाटेतल्या रामगढलाच भरून घ्या, ओळखपत्र जवळ असू द्या, आणि घरी फोन करायचा तर तोही रामगढमध्येच उरका. पुढे आमचे मोबाइल मुके झाले होते.